तंबाखूवरचा पतंग

रजनी हैदराबादच्या हिमायतनगर भागातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. नवरा यशवंत कृषी खात्यातली सरकारी नोकरी सोडून एका परदेशी कीटकनाशक कंपनीत लागला होता. त्या वर्षांत शहरात अशा कंपन्यांचं पेवच फुटलं होतं.

कंपनीने आबिड्स भागातल्या एका हॉटेलात औषध विक्रेत्यांची सभा घेतली. "तू नुसती स्टेजवर बस," यशवंत म्हणाला होता. "प्राध्यापक बाई दिसली की लोकांचा विश्वास बसतो." म्हणून ती गेली.

यशवंतने टाचणीला लावलेल्या पतंगांची पेटी फिरवली. "शेतातल्या दिव्याच्या सापळ्यात हे रोज पडताहेत. बोंडअळीचे पतंग! डोळ्यांदेखत कापूस फस्त करतील."

पेटी रजनीकडे आली. तिने पर्समधून भिंग काढलं. पुढचे पंख पिवळसर तांबूस, त्यांवरच्या रेघा ठसठशीत, मागचे पंखही पिवळटच. बोंडअळीचा पतंग थोडा मोठा असतो आणि त्याचे मागचे पंख मळकट पांढरे.

"अहो, हा तो नव्हे," ती हळूच म्हणाली. "हा तंबाखूवरचा. याची अळी कापसाला तोंडही लावत नाही."

"माहीत आहे मला. गप्प बस."

माहीत आहे! रजनीचा चेहरा तापला. ती उठली, माईक ओढून घेतला आणि दोन्ही पतंगांतला फरक सगळ्यांना सांगितला. यशवंतने मान खाली घातली.

मग गौलीगुडा बाजारातले जुने दुकानदार हिम्मतराव उभे राहिले. "हौ बाई, तुमचं बरोबर आहे. पण तो दुसरा येणारच नाही म्हणून सांगता का?"

"तसं कसं सांगू? येऊही शकेल."

"मग साहेब, तुमची दवा कोणत्यावर चालते?"

"दोन्हींवर!" यशवंतने मान वर केली. सगळे हसले. जेवणाआधीच ऑर्डरी ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त झाल्या.

थोड्याच दिवसांत दुकानादुकानांत पोस्टर लागलं. दोन पतंगांची चित्रं, वर रजनीचं नाव, खाली मोठ्या अक्षरांत 'पतंग दोन, औषध एक'. तिने एक फाडून घरी आणलं.

"माझं नाव काढा."

"का? तूच सांगितलेला फरक छापलाय. यातला एक शब्द खोटा दाखव, लगेच काढतो."

रजनीने ते पुन्हा पुन्हा वाचलं. खोटं काही सापडेना.

त्यानंतर ती त्याच्याशी गॅस, दूध, पाणी एवढंच बोलू लागली. यशवंतच्या ते लक्षात यायला पावसाळा संपावा लागला. हंगाम जोरात होता.