बिराप्पाच्या डोळ्यातली करडी माशी

टाचणीवरून बोलतेय मी. पाठीतून घुसून पोटाखाली निघालेली टाचणी, तिच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढा कागद, वर काच. मी मेलेय, हे मला ठाऊक आहे. मेलेली माशी बोलतेय म्हणून दचकू नका. जिवंत होते तेव्हा बोलायची सोय नव्हती. माशीनं तोंड उघडायच्या आत तुमचं फडकं येतं.

तुम्हाला सगळ्या माश्या सारख्याच. गुळावर बसली ती माशी, शेणावर बसली तीही माशी. तुमच्यात मात्र नाव, गाव, कूळ, पाहुणेरावळे, सगळं विचारून मगच चटई टाकता. आमच्यातही कुळं आहेत बाबा. घरमाशी शेणाउकिरड्यात अंडी घालते. हिरवी माशी, बांगडीच्या काचेसारखी चकाकणारी, ती मेंढराच्या जखमेत अंडी घालते. मी करडी. त्या दोघींपेक्षा दांडगी. पाठीवर तीन काळ्या रेघा, पोटावर घोंगडीसारखी चौकडी, डोळे विटेसारखे लाल. आणि आमच्या कुळाची रीत सगळ्यांहून वेगळी. आम्ही अंडी घालत नाही. अंडी आईच्या पोटातच फुटतात. आई टाकते ती जिवंत अळी. वळवळती आणि भुकेली.

एवढ्या एका रीतीवर एका बाईचं घर टांगलेलं होतं. तेच सांगायचंय.

माझा जन्म बिराप्पाच्या डाव्या डोळ्यात झाला. किळस आली असेल तर येऊ द्या. मला काही त्याची लाज नाही.

बिराप्पा म्हणजे मेंढरं राखणारा म्हातारा, सत्तरीच्या पुढचा, दम्यानं पोखरलेला. उमरग्याच्या अलीकडं, हायवेपासून कोसभर आत, एका शेतात त्यांचं पाल पडलं होतं. वैशाखाचं ऊन. मुलगा बंडप्पा मेंढरं घेऊन लांबच्या शेतात खतासाठी बसवायला गेलेला, नात हर्षाली सुट्टीला आत्याकडं. पालावर दोघंच. म्हातारा आणि त्याची सून दैवशाला.

अळीला डोळे नसतात. शेपटाकडं दोन काळे ठिपके दिसतात, त्यांना लोक डोळे समजतात. ती आमची श्वासाची भोकं. तोंड मांसात खुपसून आम्ही मागून श्वास घेतो. म्हणजे त्या दिवशी जे झालं ते मी बघितलेलं नाही. आवाज मातीतून येतो, हाडातून येतो, तो सगळ्या अंगाला लागतो. पुढचं सगळं मी बिराप्पाच्या कवटीच्या आतून ऐकलेलं आहे.

उन्हं कलल्यावर दैवशाला आली. धुतलेल्या घोंगड्यांचं ओझं धप्पकन खाली पडलं.

"मामा, उठा. च्या टाकते."

मग चूल पेटल्याचा आवाज. मग परत, "मामा." मग पावलं आली आणि माझ्या डोक्यावरून पदराचा वारा गेला. तिनं म्हाताऱ्याचा हात धरून हलवला.

दिवस मावळायच्या आत बिराप्पाची लेक इरम्मा येऊन पोचली, शेजारच्या गावातली, हर्षालीची आत्या. सोबत गोरोबा, त्यांच्या जमातीतला सगळ्यात जाणता म्हातारा. ही इरम्मा साधी बाई नव्हे. चार वाड्यांवरची मेंढरं तिच्याकडून तपासून घेत. कळपात एक मेंढी जरी किडकी असली तरी चालीवरून ओळखायची. तिनं बापाच्या डोळ्याची पापणी वर केली. उजेड पडला तसे आम्ही आत सरकलो.

"दैवशाला, कवा गेला गं म्हातारा?"

"सकाळी म्या च्या दिला, आक्का. बशी भरून पिले. ऊन चढल्यावर म्या बोअरवर गेले घोंगड्या धुवायला."

"मेलेल्याला च्या पाजलास व्हय?"

"काय बोलताव?"

"माशी आज अंडी घालती, अळी उद्या निघती. तीस वर्सं म्या हेच काढतेय मेंढरांतनं. माज्या बापाच्या डोळ्यात अळ्या हायत, चांगल्या चालत्या. म्हंजी कालच गेलाय. आन् तुला आज कळतंय, म्हंजी काल सांजंपासनं तू हितं न्हवतीस."

"आक्का, म्या हितंच हुते."

"मग ह्या अळ्या काय आभाळातनं पडल्या?"

गोरोबानं घसा खाकरला. "बाई, माणूस खोटं बोलंल. माशी कशापायी बोलंल? ती काय कुणाची सोयरी हाय?"

बघा, मला साक्षीला काढलं. मी जन्माला येऊन अर्धा दिवस झाला नव्हता आणि माझ्या नावावर एका बाईला खोटं पाडलं. इरम्मा काही कपटानं बोलत नव्हती, हे मी आजही सांगेन. मेंढराचं सगळं तिला पाठ होतं, आणि तिची चूक त्याच पाठामुळं झाली. जी बाई मेंढरामागं कधी हिंडली नाही तिला हे सुचलंच नसतं.

ठरलं ते असं. तेराव्याला जाणती चार माणसं बसतील. तोवर दैवशालानं कुणाच्या ताटाला हात लावायचा नाही. हर्षाली आत्याकडंच राहील. तेराव्याला बाईनं खरं सांगावं, रात्र कुठं काढली ते. नाहीतर माहेरची वाट धरावी, पोर ठेवून.

सांगावा बंडप्पाला गेला. माती सकाळी द्यायची म्हणून सगळे बाहेर बसले. दैवशाला तेवढ्यात आत आली. तिनं आगपेटीतल्या काड्या ओच्यात ओतल्या, पेटीत ओली चिंधी घातली, आणि वाकून आम्हाला नखानं उचललं. पाच जणांना.

"माजं कोण ऐकतंय," ती म्हणाली. म्हाताऱ्याला म्हणाली की आम्हाला, कळलं नाही. "तुमचंच ऐकत्यात."

मग ती आगपेटी तिनं कमरेला खोचली. तिच्या पोटाचा ठोका मला सकाळपर्यंत लागत होता. पाच होतो. माती दिल्यावर ती तशीच जीपमध्ये बसून उमरग्याला आली तेव्हा पेटीत दोघंच होतो. बाकीच्या तिघांचं काय झालं ते विचारू नका. भूक होती.

तिथं जनावरांच्या दवाखान्यात प्रतीक्षा नावाच्या डॉक्टरीणबाई. दैवशाला मेंढरांच्या औषधाला तिथं जायची, म्हणून ओळख. ह्या बाईंना माश्या जमवायचा नाद. कपाटात पेट्याच पेट्या, सगळ्या टाचणीवर.

बाईंनी आगपेटी उघडली, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंगाला वास होता? फुगले होते?"

"न्हाय. मऊ हुतं अंग, म्या हात धरला तवा. पण अळ्या बघितल्यावर कोण बघतंय तसलं."

"एक करडी माशी असते. ती जिवंत अळीच टाकते. त्या माशीच्या असतील तर तुम्ही म्हणता ते बसतं."

"मग चला. सांगा त्यास्नी."

"माझं ऐकतील?"

दैवशालानं आगपेटी बाईंच्या पुढं सरकवली.

"वाढू दे ह्यांना. माशी झाली की तीच दाखवू. पण एक सांगते. हिरवी निघाली तर मी हिरवीच सांगणार."

"सांगा की. म्या कुठं खोटं बोलायला आलेय."

बाईंनी आम्हाला बाटलीत बकऱ्याच्या काळजावर सोडलं. तीन दिवस मी नुसतं खाल्लं आणि दोनदा कातडी टाकली. तिसऱ्या दिवशी बाईंनी मला पाण्यात धरून भिंगाखाली पालथं घातलं. हिरवीच्या अळीची श्वासाची भोकं वर उघड्यावर असतात. माझी खोल खड्ड्यात, चिखलात बुडाले तरी मिटून घेता येतील अशी. बाई स्वतःशीच हसल्या. पण कागदावर काही लिहिलं नाही.

मग भूक मेली. मी भुशात उतरले आणि आहे तीच कातडी अंगावर कडक होऊ दिली. बाहेरून बघणाऱ्याला करपलेला गव्हाचा दाणा. आत काय होतं ते सांगते, कारण तुमच्यातलं कुणी तिथं जाऊन परत आलेलं नाही. आत मी विरघळले. तोंड गेलं, आतडं गेलं, सगळ्याचा काला झाला. आणि त्या काल्यातून पाय आले, पंख आले, डोळे आले. आत बिराप्पाचा किती भाग होता आणि बकऱ्याचा किती, हे मला सांगता येणार नाही. पण ज्याचं पहिलं खाल्लं त्याचं काहीतरी राहतंच.

दैवशाला दोनदा येऊन गेली. काचेतून त्या दाण्याकडं बघत बसायची.

"मेली तर न्हाय आत?"

"नाही."

"परवा तेरावा हाय, मॅडम."

बाराव्या दिवशी सकाळी मी बाहेर आले. आमच्या कपाळात एक पिशवी असते. ती फुगवायची, दाण्याचं टोपण उडवायचं आणि निघायचं. पिशवी आत गेली की कपाळावर कायमचा वण राहतो. त्या वणावरूनही आमचा गोतावळा ओळखतात. अंग वाळलं, पंख उलगडले, दोनच. मागच्या दोन पंखांच्या जागी दोन बारीक गुंड्या, तोल सांभाळायला. मग पाठीवर तीन रेघा उमटल्या. बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दाण्यातून भाऊ निघाला. करड्यांत एकसारख्या दिसणाऱ्या जाती फार. आम्हा बायकांकडं बघून नेमकी जात कळत नाही. नराचं शेपटाकडचं उघडून भिंगाखाली बघावं लागतं. तेवढ्यासाठी तरी तो कामाला आला.

तेराव्याला भर दुपारी बाई बाटली घेऊन पालावर गेल्या. लिंबाखाली माणसं बसलेली. बाईंनी स्टीलच्या ताटलीत काळजाचा तुकडा मांडून उन्हात ठेवला.

"आता कुणी काही बोलू नका. नुसतं बघा."

"मटण मांडलंय आन् भाकरीचा पत्ता न्हाय," गोरोबा म्हणाला. कुणी हसलं नाही.

आधी हिरवी आली. तुकड्याच्या घडीत शेपूट घातलं आणि बसूनच राहिली. उठली तेव्हा मागं पिवळट अंड्यांचा ढीग.

"घ्या," इरम्मा म्हणाली. "म्या काय सांगत हुते."

"बरोबर सांगत होता," बाई म्हणाल्या. "हिचं तसंच असतं. अजून थांबा."

तेरा-चौदा माणसं एका मांसाच्या तुकड्याकडं श्वास धरून बघतायत. माझ्या काचेतून ती वाकलेली तोंडं लई मोठी दिसत होती. ह्यांच्यातलं कुणी मेलं तर त्याच्या अंगावर कुठं बसावं, हे मला आपोआप कळत होतं.

मग ती आली. करडी. एकदा घिरटी घालून उतरली, क्षणभर टेकली, उडाली. परत टेकली.

बाईंनी सुईच्या टोकानं तिथलं उचलून इरम्माच्या तळहातावर ठेवलं. पांढरा दोऱ्याचा तुकडा. तो दोरा चालू लागला.

"अंडं कुठाय?" इरम्मानं विचारलं.

"नाही अंडं. हिचं पोर असंच येतं."

बाईंनी माझी बाटली तिच्यासमोर धरली. "ही तुमच्या वडलांच्या डोळ्यातली. आणि ती आत्ता बसली ती. रेघा मोजा."

इरम्मानं बोटानं मोजल्या. इथं तीन, तिथं तीन. ताटलीवरची ती माझी आई असेल, नसेलही. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. आमच्यात तसा रिवाज नाही.

तळहातावरची अळी बोटांच्या बेचक्यात शिरत होती. इरम्मानं ती झटकली नाही.

"म्या अंगाचा वास घेतला न्हाय," ती हळू म्हणाली. "हातपाय वळवून बघितलं न्हाय. अळी बघितली आन् तोंड उघडलं. माज्या बापाला म्या मेंढरू धरलं."

गोरोबा खाली बघून तंबाखू मळत राहिला.

दैवशाला पुढं आली. "माजी पोर कवा आणताव?"

"उद्या म्याच सोडते, बाई."

"उद्या न्हाय, आक्का. आज."

इरम्मा उठली, चपला घातल्या. मग दैवशाला नवऱ्याकडं वळली. तेरा दिवसांत बंडप्पा तिच्याशी एक शब्द बोललेला नव्हता. आता तो मान वर करून बघत होता.

"आता बघू नका," ती म्हणाली. "मेंढरास्नी पाणी दाखवा. कवाची वरडत्यात."

माझं पुढचं थोडकं आहे. बाईंनी बाटलीत गोड वासाचा कापूस टाकला. मग टाचणी. मग हा कागद. त्यावर गाव आहे, तारीख आहे. 'जमवणारी' ह्या शब्दापुढं दैवशालानं स्वतःच्या हातानं नाव लिहिलंय, जाडं, ओळ सोडून वर चढलेलं. खाली बाईंच्या बारीक अक्षरात: 'मानवी मृतदेह, डावा डोळा.'

त्या कागदावर एक शब्द चुकलाय.

आईनं मला टाकलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तो डोळा गरम होता. एकदा पापणी माझ्यावर मिटली आणि परत उघडली. छातीत शिट्टी वाजत होती, ती कवटीपर्यंत येत होती. त्यात शब्द होते. "दैवशाला, पाणी." दोनदा. ती तेव्हा बोअरवर होती, घोंगड्या आपटत. मग शिट्टी बारीक होत गेली आणि थांबली.

हे भिंगाखाली दिसत नाही. मला कुणी विचारलंही नाही. पंच बसले ते एवढंच बघायला की बाई रात्रीची कुठं होती. तिची साक्ष मी खरी केली, आणि जे ऐकलं ते पोटात ठेवलं. तुम्हाला सांगितलं, कारण टाचणीवर आता पोट वाळून पोकळ झालंय.

उमरग्याकडं कधी गेलात आणि मेंढरामागं लेकीचा हात धरून चालणारी बाई दिसली, तर रामराम करा आणि पुढं व्हा. तिला ह्यातलं सांगू नका. कागदावरचा शब्द आहे तसा राहू द्या.

आता झाकण लावा.