अजून यायचे आहेत

"ताई, एकदा नजर टाकता का यादीवर? तुम्ही जुन्या आहात, चुकलंमाकलं तुम्हालाच कळेल," यंत्रवाली पोरगी म्हणाली आणि चार कागद माझ्या हातात देऊन वायरी ओढायला गेली.

सकाळचे नऊ वाजले होते. सभागृहाच्या दारात, जिथे बावीस वर्षं माझं टेबल होतं, तिथे माझ्या उंचीचा एक पडदा उभा होता. टेबल खांबाआड सरकवलं होतं. व्यवस्थापक साहेबांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "हा कार्यक्रम नीट पार पडला की पुढच्या महिन्यापासून दारावर यंत्रच. तुम्ही आता आराम करा, ताई." आराम म्हणे. घरी नवरा दिवसभर टीव्हीशी बोलतो, माझ्याशी नाही. मला आराम नको होता, मला माझं दार हवं होतं.

इथे मला सगळे हजेरीताई म्हणतात. एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही. कोण कुणाचा जावई, कुणाला कुणाच्या शेजारी बसवलं तर जेवण कडू होईल, सगळं डोक्यात असतं. उरलंसुरलं वहीत. वहीतल्या खुणा माझ्या मलाच कळतात. भांडण असेल तर दोन टिंबं, कमी ऐकू येत असेल तर खाली रेघ, आणि माणूस गेलेलं असेल तर नावाभोवती पेन्सिलीचा गोल. गोलातलं नाव मी चुकूनही तोंडावर येऊ देत नाही. "साहेब नाही आले का?" असं विचारून बावीस वर्षांत मी एकाही बाईला दारात रडवलेलं नाही. आणि हे यंत्र कालचं, कानामागून आलं आणि तिखट झालं.

कार्यक्रम होता एका शाळेतल्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या वर्गाचा स्नेहमेळावा. पोरगीने मला सगळं हौसेनं दाखवलं. पाहुणा समोर आला की पडदा त्याला ओळखणार, नाव घेऊन स्वागत करणार, वर्गाच्या जुन्या फोटोतला त्याचा चेहरा मोठा करणार. तो चेहरा हसतो, हात हलवतो. "आणि जे आले नाहीत ना ताई, त्यांचे चेहरे आतल्या मोठ्या पडद्यावर. वर लिहिलेलं येतं, 'अजून यायचे आहेत'. मग सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवरून त्यांना हाका मारायच्या. लोकांना फार आवडतं." पोरगी मनाने चांगली होती.

तिसऱ्या पानावर एका नावाशी मी थांबले. खात्री करायला वही उघडली. पेन्सिलीचा गोल होता. अडीच महिन्यांपूर्वी याच सभागृहात त्याची शोकसभा झाली होती. अपघातात गेला. आलेली माणसं सगळी त्याच्या कामावरची, शाळेतलं कुणी नव्हतं. पहिल्या रांगेत त्याची आई, त्याच शाळेतली निवृत्त शिक्षिका. तिच्या हातात ग्लास राहिना, म्हणून पाणी मीच पाजलं होतं. यादीच्या शेवटच्या पानावर 'निमंत्रित शिक्षक' म्हणून तिचंही नाव होतं.

"हे नाव काढ गं," एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही. तेवढ्यात खांबाआडचं टेबल दिसलं. म्हटलं, होऊ दे एकदा फजिती. कळू दे यांना.

"ठीक आहे ना?" पोरगीने विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणाले आणि कागद परत दिले.

आईचा विचार मनात आलाच नाही असं म्हणणार नाही. आला होता. वाटलं, अडीच महिन्यांत कोण बाहेर पडतं, ती कसली येतेय.

ती साडेअकराला आली. इस्त्रीचे कपडे, खांद्याला काळी पर्स. पडदा म्हणाला, "नमस्कार, बाई." ती कसनुशी हसली आणि आत गेली. खांबाआडची मी तिला दिसले नाही. अजून वेळ होता. पोरगी दहा पावलांवर उभी होती. मी मान खाली घालून बसून राहिले.

बारा वाजता आतले दिवे मंद झाले. मी दाराशी जाऊन उभी राहिले. पडद्यावर एकेक चेहरा येऊ लागला, हशा पिकू लागला. एकाने तर तिकडून उत्तर दिलं की पाच मिनिटांत पोचतो. मग तो आला. पंधरा वर्षांचा, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेला. हसला, हात हलवला.

"हा कायमचाच लेट," कुणीतरी ओरडलं.

"घंटा झाल्याशिवाय कधी आलाय का तो वर्गात?"

साठ-सत्तर जणांचे अंगठे चालू लागले. कुठे आहेस. ये लवकर. बाई पण आल्यात.

आणि पहिल्या रांगेत पर्स वाजायला लागली. मुलाचा मोबाइल तिने बंद केलाच नव्हता. चार्ज करून सोबत घेऊन फिरत होती. एक संदेश संपतोय तोवर दुसरा. शेजारचा हसत म्हणाला, "बाई, तुमचाच वाजतोय वाटतं."

ती उठली. पर्स पोटाशी धरली आणि मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली, "तो नाही येणार, बाळांनो. तो गेला."

कुणी हललं नाही. पडद्यावरचा मुलगा तेवढा हात हलवत राहिला. शेवटी पोरगीने धावत जाऊन वायरच उपटली.

बाहेर साहेबांनी तिला फैलावर घेतलं. ती रडत एवढंच म्हणत होती, "मीच नीट बघायला हवं होतं." मी तिथेच, मूग गिळून उभी. मग साहेब माझ्याकडे वळले. "ताई, टेबल पुढे घ्या. यंत्राला काय कळतंय. माणूस तो माणूस."

दोघांनी टेबल उचलून दारात आणलं. मी वही ठेवली, खुर्चीत बसले. हवं ते मिळालं होतं आणि मला माझीच शिसारी आली होती.

त्याची आई निघाली तेव्हा वाटेत मीच होते. थांबली. "तुम्हीच ना, त्या दिवशी पाणी पाजलेलं?"

"हो, बाई."

"कुणीतरी सांगितलं होतं मला, ही बाई कुणाला विसरत नाही. म्हणून तर यायचा धीर झाला. वाटलं, दारात तुम्ही असाल, मुलांना तुम्हीच हळूच सांगितलं असेल. मला तोंडाने म्हणावं लागणार नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. "मग नाव कसं राहिलं हो?"

"विसरले, बाई," मी म्हणाले.

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं. एवढी माणसं येतात. मनाला लावून घेऊ नका."

ती पायऱ्या उतरू लागली. पर्स अजून मधूनच वाजत होती. तो आवाज रस्त्याला लागून ऐकू येईनासा झाला तरी मी वहीवरचा हात काढला नाही. सकाळचं पान तसंच उघडं होतं, आणि तो पेन्सिलीचा गोल माझ्या तळव्याखाली होता.