पोकळ फळ्या

१९६८ साली, एका टळटळीत दुपारी, तिनं रंगमंचावर गुडघे टेकले, दोन्ही तळवे फळ्यांवर आपटले आणि मेलेल्या भावाला हाक मारली.

"थांब, थांब!" दिग्दर्शक समोरून ओरडला. "ही हाक झाली? बस थांबवतेस का?"

मुखवटे घालून मागे उभ्या असलेल्या कोरसच्या बायका फिदीफिदी हसल्या.

नाटक प्राचीन ग्रीक होतं. थडग्यापाशी बसून बहीण जमीन बडवते, खाली गेलेल्याला वर बोलावते. चेहरा मुखवट्याआड, सांगायचं ते हातांनी आणि आवाजानं. ग्रीक नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून दिग्दर्शकानं तिथे सरळ 'दादा' घातलं होतं. तिचा दादा दोन वर्षांपूर्वी नदीत बुडाला, हे त्याला ठाऊक नव्हतं. तिनंही सांगितलं नव्हतं. पहिल्या रांगेत तिची आई झग्यांना काठ शिवत बसायची, आणि आईनं तेव्हापासून दादाचं नाव काढलं नव्हतं.

"हे शेवटचं हं," दिग्दर्शकानं कोरसमधल्या उंच बाईकडे बोट केलं. "नाही जमलं तर उद्यापासून तुझ्या जागी ही."

या वेळी तिनं तळवे आपटले नाहीत. नुसते टेकवले. आणि स्वयंपाकघराच्या दारातून मारावी तशी, मोठी नाही, शेवट लांबवलेली हाक मारली.

"दादाऽऽ, चल, पानं घेतलीत."

"ओ," फळ्यांखालून आवाज आला.

पुरुषाचा. जरा कंटाळलेला, आलोच म्हणणारा.

"कोण चावटपणा करतंय?" दिग्दर्शकाचा आवाज चिरकला. मुखवट्यांचे ओठ हलत नाहीत, म्हणून त्यानं एकेक मुखवटा उतरवायला लावला. आत सगळ्या बायकाच, पांढऱ्याफटक. फळ्यांखाली बॅटरी मारली. केरसुण्या आणि जुने पडदे.

आईनं मान वर केली नव्हती. तिनं दातानं दोरा तोडला.

"पाय धुऊन ये रे आधी," ती म्हणाली, आणि सुईत नवा दोरा ओवू लागली.

भूमिका तिच्याकडेच राहिली. सगळ्या प्रयोगांत तिनं फळ्या बडवल्या आणि बस थांबवल्यासारखी ओरडली. दिग्दर्शकानं पुन्हा कधी टोकलं नाही.

तो पुढे सिनेमात गेला, तिकडेच वारला. उंच बाई लग्न करून परदेशी गेली. आई बरीच वर्षं जगली. रोज जेवणाआधी दारापाशी पाण्याची बादली भरून ठेवायची.

ती आता ऐंशीला टेकली आहे. नातवंडांना दुसऱ्या खोलीतून हाक मारत नाही. गुडघे कुरकुरतात, तरी उठते, त्यांच्यापर्यंत जाते, आणि खांद्याला हात लावून म्हणते, "चल, जेवायला."