ओल दिसते तिथे गळती नसते

"बोलू नका, ऐकू द्या!" मोटारसायकलीखालून कानसाहेब ओरडले, तेव्हा खरे तर कोणीच काही बोलत नव्हते. शेजारचे पोस्टमन कुंपणापाशी उभे राहून नुसते दात घासत होते.

कानसाहेब अंगणात पोते अंथरून उताणे पडले होते. लोखंडी सळईचे एक टोक त्यांनी पेट्रोलच्या टाकीला टेकवले होते आणि दुसऱ्या टोकाची पितळी वाटी उजव्या कानावर दाबून धरली होती. डोळे मिटलेले, भुवया कपाळात चढलेल्या. पोटावर मात्र नट, वायसर आणि पाने व्यवस्थित मांडून ठेवले होते, कारण पोटाइतकी सपाट आणि रुंद जागा आसपास दुसरी नव्हती.

"काय म्हणतेय टाकी?" पोस्टमननी चूळ भरून, कुंपणावरून वाकून मोठ्याने विचारले.

"काहीही म्हणत नाही. म्हणजे टाकी ठणठणीत आहे. गळती दुसरीकडे आहे."

"पण टाकीखालीच तर ओलं दिसतंय."

कानसाहेब हसले. अडाण्यांची कीव करताना ते नेहमी असेच हसत. "साहेब, ओल दिसते तिथे गळती नसते," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांनी चौतीस वर्षे चालवले होते. पाणीखात्यात ते गळती शोधायला होते. पहाटे, रस्त्यावर गाड्या सुरू व्हायच्या आत, ते सळई घेऊन निघायचे, डांबरावर टेकवायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "इथे खोदा." मजूर कुरकुरत खोदायचे आणि तिथेच फुटलेला पाइप निघायचा. एकदा इस्पितळाची भिंत महिनाभर ओली होती. सगळ्यांनी भिंत फोडली. कानसाहेबांनी रस्त्यापलीकडे चाळीस पावलांवर खूण केली आणि पाणी तिथे निघाले. त्या दिवसापासून लोक त्यांचे खरे नाव विसरले. पुढे खात्याने परदेशी यंत्र आणले, तेव्हा यंत्र शिकवायला आलेल्या माणसानेही यंत्र बाजूला ठेवून आधी यांनाच विचारले होते. निदान कानसाहेब तरी असेच सांगत.

असा माणूस निवृत्त होतो आणि त्याच्याच अंगणात, त्याच्याच अठ्ठावीस वर्षांच्या मोटारसायकलीतून पेट्रोल गळते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे पोस्टमन मनात म्हणाले असतील. तोंडाने म्हणायला ते सभ्य होते.

बायकोला मात्र सभ्यपणा परवडत नव्हता. पुढच्या खोलीत तिचे शिवणाचे मशीन होते आणि खोलीची खिडकी नेमकी मोटारसायकलीवर उघडत होती. महिनाभर ती पेट्रोलच्या वासात शिवत होती. गेल्या सोमवारी एका बाईने नवऱ्याचा दुरुस्त केलेला कोट परत आणून टेबलावर आपटला. "तो कोट घालून हे समारंभाला गेले," ती म्हणाली, "तर शेजारचा माणूस सिगारेट विझवून खुर्चीसकट लांब जाऊन बसला. मग दुसराही उठला. हे एकटेच रांगेत!"

त्याच संध्याकाळी घरात निकाल लागला.

"शनिवारी भंगारवाल्याला बोलावलंय," कानसाहेबांच्या समोर येऊन, एकेक शब्द सुटा करून बायको म्हणाली. "तोवर गळती सापडली तर गाडी राहील. नाहीतर गाडी जाईल, तुम्ही राहाल."

"अगं, एवढ्या वर्षांची गाडी—"

"म्हणून तर शनिवारपर्यंत मुदत दिली. नवी असती तर आजच काढली असती."

"मेकॅनिककडे न्या," असेही ती म्हणाली. ते मात्र कानसाहेबांना झोंबले. "गळती शोधायला मी दुसऱ्याच्या दारात जाऊ? उद्या तू बटण लावायला बाहेर देशील का?"

बटणाचा आणि पेट्रोलचा संबंध शोधत बसण्याएवढा तिला वेळ नव्हता.

मंगळवारी कानसाहेबांनी पेट्रोलचा कॉक उघडला, जुना वायसर काढून नवा घातला आणि जाहीर केले, "सापडली!" तासाभरात खाली पुन्हा डाग. बुधवारी रबरी नळी बदलली. "सापडली!" दुपारी डाग. गुरुवारी त्यांनी कार्बोरेटर सोडवून वर्तमानपत्रावर मांडला, घासला आणि पुन्हा जोडला. जोडून झाल्यावर एक बारीक स्प्रिंग शिल्लक राहिली. ती त्यांनी कोणी बघत नाही असे पाहून खिशात टाकली.

"सापडली!" त्यांनी खिडकीकडे बघून सांगितले.

"तिसऱ्यांदा सापडली," बायको मशीन न थांबवता म्हणाली. "एवढ्या वेळा हरवते तरी कशी?"

आता शुक्रवार उजाडला होता आणि पोस्टमन दात घासून निघून गेले होते. कानसाहेब पोत्यावरून उठले. आता त्यांच्या मनात पहिल्यांदाच भीती शिरली. ही गाडी त्यांनी पहिल्या बढतीच्या वर्षी घेतली होती. पण भीती गाडीचीच नव्हती. घरात, गल्लीत, स्वतःच्या नजरेत ते जे काही होते, ते गळती शोधणारे होते. गाडी भंगारात गेली तर ती न सापडलेल्या गळतीपायी जाणार होती. कानसाहेबांना नुसते साहेब होऊन जगणे जमले नसते.

त्यांनी टाकीखाली पत्र्याची थाळी ठेवली आणि खिडकीशी आले. बायको पाठमोरी बसून सुईत दोरा ओवत होती, मशीन बंद होते.

"टाकीला भोक असेल हो," ती मान वळवून म्हणाली. "सरळ आहे."

"भोक असतं तर मला ऐकू आलं असतं. थेंब पडला तर आवाज होणारच. थाळी ठेवलीय खाली, पत्र्याची. आलाय का आवाज?"

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. काही म्हणावे की नाही, असे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते. मग तिने पुन्हा पाठ फिरवली आणि उजव्या हाताचे बोट वर केले.

कानसाहेबांना काही कळले नाही. त्यांनी थाळीकडे पाहिले. थाळीत ताजा ओला ठिपका होता.

थोड्या वेळाने बोट पुन्हा वर गेले. यावेळी कानसाहेब थाळीकडेच बघत होते. थेंब पडताना त्यांना दिसला. अगदी त्याच क्षणी.

"तू बघतेयस कशातून? आरशातून?"

बायकोने डोक्यावर कापड ओढून घेतले, शिवायला आलेला पडदाच होता तो. पडद्याआडून तिसऱ्यांदा बोट वर झाले. थेंब पडला. चौथ्यांदा झाले. थेंब पडला. घरातून, पाठमोरी, पडद्याखालून ती थेंब मोजत होती आणि हातभर अंतरावर उभ्या असलेल्या कानसाहेबांना थाळी मुकी होती.

ते पायरीवर बसले. गेली तीन वर्षे ते म्हणत होते की हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. रेडिओवाले मुद्दाम हळू बोलतात. दाराची बेल बिघडली आहे. एवढ्या सगळ्या जगात बिघाड शोधून झाला, आणि एकाच ठिकाणी बघायचे राहिले होते. त्यांना भयंकर लाज वाटली, आणि लाजेच्या खाली दुःख होते, ते लाजेपेक्षा मोठे होते.

बायको बाहेर आली. तिने टाकीची खालची बाजू चिंधीने कोरडी पुसली, कापडावर खुणा करायचा खडू घेऊन तिथे पांढरा थर दिला आणि दोघे गुडघ्यांवर बसून बघत राहिले. मिनिटाभरात मागच्या शिवणीवर टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका उमटला, आणि मोठा होत गेला. ओल दिसत होती, गळती नेमकी तिथेच होती.

"पण नियम—" कानसाहेब म्हणाले.

"तुमचा नियम पाण्याचा," ती त्यांच्यासमोर तोंड करून म्हणाली. "पाणी वाहत लांब जातं. पेट्रोल कुठे जाणार? वाटेतच उडून जातं. भोकाला सोडून जाईल तर शपथ."

मग तिने कपडे धुवायचा साबण आणला आणि ठिपक्यावर खसाखसा घासला. थेंब थांबला. मंगळवारपासून जे चार पाने आणि एका कार्बोरेटरला जमले नव्हते, ते साबणाच्या वडीने दोन मिनिटांत केले. "हे तात्पुरतं आहे," ती म्हणाली. "चला, भोक झाळून आणू."

गाड्यांचे गळके रेडिएटर झाळणाऱ्या रेडिएटरवाल्याचे दुकान दोन गल्ल्या सोडून होते. त्याने टाकी उतरवून रिकामी केली, आत बॅटरीचा उजेड टाकला आणि नाक मुरडले.

"आत गंज चढलाय. पाणी कोण घालतं यात?"

कानसाहेबांनी त्याच्या ओठांकडे बघून प्रश्न नीट समजून घेतला. समजला नसता तर बरे झाले असते.

"मी धुतो," ते म्हणाले. "दर वर्षी. दोन बादल्या. आमच्या खात्यात सगळ्या टाक्या वर्षातून एकदा धुतात."

"अहो, ही पेट्रोलची टाकी आहे, गच्चीवरची नव्हे! शिवणीत पाणी साचलं, आतून गंजलं. हे भोक कोणी बाहेरून पाडलेलं नाही, साहेब. अठ्ठावीस वर्षं तुम्हीच पाडत होता. मोठ्या मायेने."

बायकोने पदर तोंडाला लावला. ती खोकत होती असे तिचे नंतर म्हणणे पडले.

रेडिएटरवाल्याने गरम पाणी आणि सोडा घालून टाकी चार वेळा खळखळून धुतली. मग झाकण घट्ट लावले, टाकी उलटी केली आणि कॉकच्या जागेतून भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरले.

"आता का पाणी?" कानसाहेबांनी कान नव्हे, मान टवकारली.

"आत पेट्रोलची वाफ राहिली आणि मी ठिणगी लावली, तर टाकी पोस्टाशिवाय तुमच्या घरी पोहोचेल. पाण्याने वाफेला जागाच राहत नाही."

"म्हणजे पाणी लागतंच!" कानसाहेब बायकोकडे वळून म्हणाले. त्या दिवसातला हा त्यांचा एकमेव विजय होता, आणि त्यांनी तो पुरवून वापरला.

पत्रा चकाकेपर्यंत घासला गेला, वर नखाएवढा तुकडा झाळला गेला, पाणी काढून टाकी गरम हवेने वाळवली गेली. पेट्रोल भरून ती तासभर कोऱ्या कागदावर ठेवली. कागद कोराच राहिला. रेडिएटरवाला म्हणाला, "पुन्हा पाणी दाखवलंत तर मी दार उघडणार नाही."

शनिवारी भंगारवाला हातगाडी घेऊन आला.

"चुकून बोलावलं," बायको दारातून म्हणाली. "आमच्याकडे भंगार काही नाही."

भंगारवाल्याने मोटारसायकलीकडे पाहिले. मग पायरीवर बसलेल्या कानसाहेबांकडे पाहिले. "नक्की?" त्याने विचारले.

"दोन्ही चालू आहेत," ती म्हणाली आणि दार लावून घेतले.

सोमवारी सकाळी कानसाहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि गाडी बाहेर काढली.

"बस मागे."

"कुठे जायचंय?"

"बस तर."

बाजार मागे पडला, पाणीखात्याचे फाटक मागे पडले. एका दवाखान्यासमोर त्यांनी गाडी उभी केली. बायकोने पाटी वाचली, नाक-कान-घशाची, आणि त्यांच्या खांद्यावरचा हात तिने उतरताना जरा उशिरा काढला.

खिडकीतल्या मुलीने कागद पुढे ओढून विचारले, "तक्रार काय?"

"ऐकू येत नाही," कानसाहेब म्हणाले. ते इतके स्वच्छ आणि मोठ्याने म्हणाले की बाकावरची सगळी माणसे वळून बघू लागली. त्यांनी बघू दिले.

बायकोने पंख्याखालची गादीची खुर्ची दाखवली. ते तिथे बसले नाहीत. खिडकीच्या अगदी समोर एक लाकडी स्टूल होते, ते त्यांनी घेतले, कारण तिथून त्या मुलीचे ओठ दिसत होते. हात मांड्यांवर ठेवून ते ताठ बसून राहिले. बऱ्याच वेळाने मुलीने त्यांचा नंबर पुकारला. बायकोने त्यांना कोपराने ढोसायला हात उचलला, तोवर ते उठून उभे राहिले होते.