थोडी पावलं

त्या शनिवारी मी बाबांना त्यांच्या गावाहून, बॉरिसहून, फिरायला नेलं ते एका प्रश्नासाठी. माझ्या घरातली खालची खोली रंगवून झाली होती. ते आता तिथे राहायला येतील का, एवढंच विचारायचं होतं. ग्रेगनमॅना, इनिस्टीग, शेवटी थॉमसटाऊनजवळचा जुना मठ. वाटेत कुठेतरी विषय काढू, असं ठरवलं होतं.

ग्रेगनमॅनाला मी तोंड उघडलं, तोवर बाबा उतरून गेलेही. नदीकाठी कोणी बोट रंगवत होता. तो कोणाचा, त्याचं आजोळ कुठलं, हे कळल्याशिवाय त्यांचा पाय निघेना. इनिस्टीगच्या पुलापाशी पुन्हा तेच. तिथे त्यांचे जुने दोस्त मॉसी भेटले.

"फिंटनची पोर ना ही?" मॉसींनी गाडीत डोकावून विचारलं. "तोंड असं का? दात दुखतोय?"

"मठ बंद होईल."

"आठशे वर्षं उभा आहे, बाई. आजच कुठे पळतोय?"

बाबा पोट धरून हसले.

"बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय," गाडी सुरू करताना मी म्हटलं.

"बोल की. दिवस मोठा आहे," ते म्हणाले, आणि मॉसींच्या गुडघ्यांबद्दल सांगू लागले.

थॉमसटाऊनमध्ये समोरून अंत्ययात्रा आली. दुकानांची दारं अर्धी लागली, गाड्या कडेला थांबल्या. बाबांनी टोपी काढली आणि उतरले. आमच्याकडे रीतच आहे, अंत्ययात्रा समोरून आली की मागे वळून तिच्याबरोबर थोडी पावलं चालायचं. थोडीच. बाबा चालतच राहिले, वळणावर दिसेनासे झाले. मी स्टिअरिंगवर बोटं आपटत बसले.

परतले तेव्हा बुटांना चिखल होता, हातात कागदी रुमालाची पुडी.

"कोण होतं?"

"काय माहीत. माणसं फार थोडी होती गं." त्यांनी पुडी पुढे केली. "दफन झाल्यावर सगळ्यांबरोबर हॉटेलात जेवायला नेलं मला. तुझ्यासाठी सँडविच आणलंय. हॅमचं."

मठाचं फाटक बंद झालं होतं. परतताना ते घोरत होते. दारात सोडताना मी रागातच होते. म्हटलं, पुढच्या शनिवारी बोलू.

रविवारी सकाळी बाबांच्या शेजारणीचा, ब्रीजचा, फोन आला. बाबा झोपेतच गेले होते.

मंगळवारी बॉरिसच्या चढावर मी शवपेटीमागून चालत होते. समोरून पावाची गाडी येऊन थांबली. चालवणारी बाई उतरली, वळली, आणि कबरीपर्यंत आली.

"वाईट झालं हो," माझा हात धरून ती म्हणाली.

"ओळखत होतात त्यांना?"

"छे. मागे माणसं कमी दिसली. आज सगळ्यांना पाव उशिरा मिळणार." मग तिने विचारलं, "मूळचे इथलेच का? आई कुठली त्यांची?"

पेटी खाली उतरली होती. माती पडायची होती. आणि इथेही कोणीतरी मध्ये आलंच होतं.

"जरा थांबा," मी तिला म्हटलं आणि खड्ड्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले, "बाबा, खालची खोली तयार आहे. माझ्याकडे राहायला या."