सादड्यावरचे दोन फोन

हन्नाबाईला दोन लेकरं. थोरली ग्रेसी नवापूरला दवाखान्यात नर्स, धाकटा दानियल सुरतेला कापडाच्या कारखान्यात. दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. या नाताळला मात्र ते झालं, आणि नेमकं आईच्या विरोधात झालं. आईनं आता एकटं राहू नये, असं दोघांनी ठरवलं होतं.

झालं होतं असं, की भाद्रपदात हन्नाला ताप आला आणि तीन दिवस तिचा जुना बटणांचा फोन बंद पडून राहिला. दानियल सुरतेहून धावत आला तर ही ओट्यावर बसून लसूण सोलत होती. ताप उतरला होता, शेजारची निर्मला दोन वेळची पेज आणून देत होती, जेठ्यानं पाणी भरून ठेवलं होतं. पण पोराला लागलेला घोर काही केल्या गेला नाही. त्यानं सुरतेला चौथ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत आईसाठी खाटसुद्धा आणून ठेवली.

हन्ना त्या खोलीत एकदा आठ दिवस राहून आली होती. आठ दिवसांत तिला जिन्यात बारा माणसं भेटली आणि एकानंही तिला कुठं चाललात म्हणून विचारलं नाही. या गोष्टीचा तिला अजून राग होता.

शेवटी ग्रेसीनं तोड काढली. महिनाभर आईची परीक्षा घ्यायची. दुपारी दानियल फोन करणार, चारला ग्रेसी. महिन्यात पाच फोन चुकले, की गाठोडं बांधून सुरत. नाही चुकले, तर हन्नानं आपल्या घरात खुशाल राहावं, पुन्हा कुणी विषय काढायचा नाही. हन्नानं लगेच मान्य केलं, कारण फोन उचलणं म्हणजे काय मोठं काम, असं तिला तेव्हा वाटत होतं.

मग फोन कुठला द्यायचा यावर भावंडांची जुंपली आणि घरात नाताळ आल्यासारखं वाटायला लागलं.

"आईला आयफोनच बरा," दानियल म्हणाला. आपला जुना तो घेऊनच आला होता. "सगळं जागच्या जागी. लहान पोरालाही येतं. कुणी त्याचं काही बिघडवू शकत नाही."

"कुणी काही बदलू शकत नाही, असं म्हण," ग्रेसी म्हणाली. "आईला वाचताना अडखळायला होतं, तिला चेहरे लागतात. अँड्रॉइडवर मी तिला हवं तसं मांडून देते. हा माझा चेहरा, हा तुझा. दाबला की लागला."

"आता आयफोनमध्येही सगळं बदलता येतं."

"मग दाखव बदलून."

दानियल अर्धा तास फोनमध्ये डोकं खुपसून बसला, मग म्हणाला की नेटवर्क नाही. ते मात्र खरं होतं. अखेर दोन्ही फोन हन्नाच्या पदरात पडले, दानियलचा फोन दानियलसाठी आणि ग्रेसीचा ग्रेसीसाठी, आणि म्हातारपणी दोन सुना आल्यासारखी तिची अवस्था झाली.

खांडबाऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची फळी, म्हणजे चौदा घरांची वस्ती. तिथं घरात नेटवर्क येत नाही, ते येतं फक्त वळणावरच्या सादड्याच्या झाडापाशी. म्हणून फळीतली माणसं सकाळी शेतावर जाताना आपापला फोन कापडी पिशवीत घालून सादड्याच्या फांदीला अडकवतात. दिवसभर फोन तिथं लटकतात. ज्याचा वाजेल त्यानं आवाज ओळखून यायचं, आणि झाडाजवळ जो असेल त्यानं हाक मारायची. जेठ्याच्या फोनवर बँडबाजा वाजतो, कौसाबाईच्या फोनवर तिचा नातू रडतो. कुणाचा फोन चोरीला गेल्याचं अजून तरी ऐकिवात नाही. हन्नानंही जुन्या परकराच्या दोन पिशव्या शिवल्या आणि दोन्ही फोन एकाच फांदीला टांगले.

पहिला आठवडा दानियलच्या फोननं गाजवला. सादड्यावर आधीच दोन आयफोन होते, एक निर्मलाचा आणि एक खात्या नावाच्या शेजाऱ्याचा. दोन्ही दानियलनंच सुरतेहून जुने आणून दिलेले, आणि आत कशाला हात लावू नका म्हणून दोघांनाही बजावलेलं. त्यामुळे तिन्ही फोनचा सूर एकच. पहिल्या दिवशी फोन वाजला तर तीन शेतांतून तिघं पळत सुटले. दुसऱ्या दिवशीही पळाले. चौथ्या दिवशी प्रत्येकाला वाटलं की आपला नसेल, आणि कुणीच आलं नाही. तो हन्नाचा पहिला चुकलेला फोन.

ग्रेसीनं आपण दिलेल्या फोनवर कोंबड्याची बांग लावून दिली होती. आईला कोंबड्या आवडतात म्हणून. हन्नाकडे खरा कोंबडाही होता, आणि चार वाजता झाडावरून कुणी आपल्याला आव्हान देतंय हे त्याला खपलं नाही. तो कुंपणावर चढून उत्तर द्यायचा. तूर कापताना हन्ना ऐकायची आणि मनात म्हणायची, मेल्याला दुपारचंही चैन नाही. अशानं आणखी दोन फोन गेले.

चौथा गेला तो जेठ्याच्या कृपेनं. जेठ्या तिच्या नवऱ्याचा चुलत भाऊ, आणि सुधारणेची त्याला भारी हौस. "वहिनी, तुझा फोन किती साधा दिसतो," असं म्हणून त्यानं ग्रेसीच्या फोनवर निळं तळं आणि त्यात पोहणारी बदकं आणली. बदकं आली आणि माणसं गेली. ग्रेसीचा चेहरा कुठं सरकला ते जेठ्यालाही सांगता येईना. त्या गडबडीत फोन मुका झाला, आणि चारचा फोन वाजलाच नाही. निर्मलानं दुसऱ्या दिवशी बदकं हाकलून लावली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पंधरा दिवसांत चार. आता एकच उरला. रविवारी प्रार्थनेहून येताना हन्ना वाटेत योहानच्या कबरीपाशी थांबली. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. तिथून खाली तिची तूर दिसत होती, अंगणातल्या कोंबड्या दिसत होत्या, निर्मलाच्या घरातून धूर निघत होता. तिला भीती वाटली, खरीखुरी भीती. हे सगळं आपल्या हातून एका यंत्राच्या आवाजापायी जाणार, असं वाटून तिचे डोळे भरून आले. मग तिला स्वतःचाच राग आला, आणि राग आला की तिला नेहमी काहीतरी सुचायचं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फोन घेऊन ती खांडबाऱ्याला भाग्येशच्या मोबाईलच्या दुकानात गेली. भाग्येशनं दोन्ही उलटेपालटे करून पाहिले.

"मावशी, फोनले काय व्हयेल नहीं," तो अहिराणीत म्हणाला. "दोन्ही चांगला शेतस. आयफोनमा सूर बदलाले एक मिनिट लागस. आजलोंग कोणी बदलाच नहीं, त्याले फोन काय करी?"

त्यानं त्यात घंटेचा सूर लावून दिला. मग ग्रेसीचा फोन हातात घेतला. "यामा तुन्हा सोतानाच आवाज टाकी देस. बोल काहीबी. त्या फोनमा तेच करानं म्हणजे लई खटपट."

काहीबी म्हणजे काय बोलायचं, हे हन्नाला सुचेना. मागं गिऱ्हाइकं उभी. तेव्हा ती जी हाक दिवसातून दोनदा मारते, आणि जी तिला झोपेतही ओळखू येईल, तीच तिनं मारली. कोंबड्यांना दाणे टाकतानाची हाक. मागची गिऱ्हाइकं हसली. भाग्येशनं ती भरून घेतली आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही, याबद्दल हन्नाला तो फार आवडला.

मंगळवारी चारला सादड्यावरून हन्नाच्या आवाजात हाक आली आणि तिच्या अकरा कोंबड्या पंख पसरून वळणाकडे धावत सुटल्या. हन्नाला शेतात आवाज ऐकू आला नाही, वारा उलटा होता. पण कोंबड्या दिसल्या. विळा टाकून तीही त्यांच्या मागून पळाली आणि फोन उचलला. "आई, धापा का टाकतेस?" ग्रेसीनं विचारलं. "काही नाही, कोंबड्यांनी बोलावलं," हन्ना म्हणाली.

त्या दिवसापासून ग्रेसीचा एकही फोन चुकला नाही. कोंबड्यांना दर वेळी मूठभर दाणे टाकावे लागत, नाहीतर त्या दुसऱ्या दिवशी आल्या नसत्या. दानियलची घंटाही आता तिघांना वेगळी कळत होती. गाडी रुळावर आली, आणि शेवटच्या आठवड्यात दानियलचा फोन यायचाच थांबला.

बुधवारी घंटा वाजली नाही. हन्नाला वाटलं, काम असेल. गुरुवारीही वाजली नाही. तेव्हा तिनं ग्रेसीच्या फोनवरचा दानियलचा चेहरा दाबला. पलीकडे फोन वाजत राहिला. तिनं पुन्हा दाबला. दिवसभरात तिनं अकरा वेळा तो चेहरा दाबला. तूर तशीच पडून राहिली, आणि ती झाडाखाली दगडावर बसून राहिली. पहिल्या तासाभरात फळीतल्या चौदाही घरांना कळलं होतं, की हन्नाचा पोरगा फोन उचलत नाही. निर्मला चहा घेऊन आली. जेठ्या म्हणाला, "उद्या सकाळपर्यंत फोन आला नाही तर मी जातो सुरतेला," आणि त्या दिवशी त्यानं कुणाच्याच फोनला हात लावला नाही.

शुक्रवारी सकाळी घंटा वाजली. दानियलचा आवाज घोगरा होता. ताप होता, म्हणाला, दोन दिवस शुद्ध नव्हती धड, फोन खाटेखाली पडला होता. आपला फोन पिशवीत ठेवून हन्ना पोटभर रडली, आणि मग तूर झोडायला गेली.

रविवारी दोन्ही लेकरं निकाल लावायला आली. दानियल जरा उतरला होता. ग्रेसीनं मोबाईलमधून वाचून दाखवलं, "एकूण चुकलेले फोन चार. आई पास."

"पण जिंकला कुणाचा फोन?" दानियलला तेव्हाही राहवेना.

"तुझा फोन शहाणा आहे, पण माझं ऐकत नाही," हन्ना म्हणाली. "हिचा ऐकतो, पण तो जेठ्याचंही ऐकतो. ते राहू दे. तुझे अकरा चुकले."

"माझे? अगं, मला ताप होता."

"मलाही भाद्रपदात तापच होता. मी खाट आणलेली नाही, पण चटई आहे. तुझं गाठोडं कधी आणतोस?"

ग्रेसी हसायला लागली. दानियलही हसला, पण हन्ना हसत नव्हती.

"तुझ्या शेजारच्या खोलीत कोण राहतं?" तिनं विचारलं.

"आहे एक ओडिशाचा माणूस."

"नाव काय?"

ते दानियलला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं त्याचं दार त्या माणसाच्या दाराला लागून होतं.

"मी सादड्याकडे गेले नाही, तर दुपारच्या आत निर्मला दारात येते," हन्ना म्हणाली. "तू दोन दिवस पडून होतास आणि कुणाला कळलं नाही. मला तिकडे नेऊन तू दोघांना एकटं करणार होतास. आता परीक्षा तुझी. महिन्याभरात त्या माणसाचं नाव, फोटो आणि नंबर मला पाहिजे. नाहीतर इकडे ये आणि तूर झोड."

दानियलनं मान खाली घातली. जाताना त्यानं आईला जवळ घेतलं, जे त्यानं दहावी पास झाल्यापासून केलं नव्हतं.

महिना लागला नाही. नवव्या दिवशी फोटो आला. दानियल आणि एक टक्कल पडलेला, कानात बाळी घातलेला माणूस, दोघांच्या मध्ये भाताचं पातेलं. नाव विजय साहू. निर्मलानं तो चेहरा ग्रेसीच्या फोनवर दानियलच्या शेजारी बसवून दिला.

त्या दिवशी हन्नानं मुलाचा चेहरा दाबलाच नाही, शेजारचा दाबला. पलीकडून एक अनोळखी आवाज हॅलो म्हणाला. हन्नाला हिंदी फारशी येत नव्हती आणि त्याला मराठी मुळीच येत नव्हती.

"मैं दानियल की माँ," ती म्हणाली. "खाया क्या वो?"

"खाया, माँजी. मेरे साथ खाया," तो म्हणाला.

आणखी काय विचारावं ते हन्नाला सुचेना, म्हणून तिनं अच्छा म्हणून फोन ठेवला. तिचं बोलणं ऐकून कोंबड्या झाडाखाली जमल्या होत्या. फोन वाजला नव्हता, तरी तिनं त्यांना दाणे टाकले.