बटणावरून गेलेली शीर

भिंतीवर खरखर झाली. धाकटीचा नुकता डोळा लागला होता. मी जागची हलले नाही. बोळकांडीत बाबा दिव्याचं बटण चाचपत होते.

"सापडलं का, बाबा?"

"सापडेल गं. मीच लपवलंय, जाईल कुठं!"

हे घर घेतलं तेव्हा ती भिंत त्यांनी संगमरवरासारखी रंगवून दिली होती. जन्मभर तेच केलं त्यांनी. लोकांच्या भिंतींवर दगड-लाकूड उमटवायचं आणि मधली बटणं, जाळ्या दिसेनाशा करायच्या. आमच्या बटणाची पाटी त्यांनी भिंतीशी सपाट बसवली, संगमरवरातली करडी शीर तिच्यावरून, बटणावरून थेट पलीकडे नेली. स्क्रूंची डोकीसुद्धा सोडली नाहीत. "सासरेबुवा, दिवा लावायला नकाशा द्या," असं हे म्हणाले, तेव्हा बाबा दिवसभर खुशीत होते.

आता त्यांचे डोळे विझत आलेत. उजेड असला तर न्हाणीघराचं दार तेवढं कळतं. हाताला लागेल अशी जाड कडेची पांढरी पाटी मी कधीच आणून ठेवली होती. लावायचा धीर मात्र झाला नव्हता.

खरखर थांबली. मी गेले, तोवर उशीर झाला होता. बाबा भिंतीला कपाळ टेकून उभे. पायाखाली ओलं.

"पाणी सांडलंय," मागून आलेल्या थोरलीला मी म्हटलं.

कपडे बदलून आल्यावर ते म्हणाले, "खणातली ती पाटी आण."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"रुमाल शोधताना हाताला लागली. आधी मेन बंद कर."

टॉर्चच्या उजेडात जुनी पाटी काढून मी थोरलीच्या हातात दिली, नवी बसवली.

"स्क्रूंच्या खाचा उभ्या ठेव. दोन्ही एका रेषेत."

मेन चालू केल्यावर त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. टक्. उजेड झाला.

"लांबून दिसते?"

"डोळ्यात भरते, बाबा."

"मग कामाचं वाटोळंच झालं म्हणायचं," ते हसले आणि एकटेच न्हाणीघरात गेले. दार हळूच लावून घेतलं.

थोरली जुनी पाटी घेऊन घरभर हिंडत होती. कपाटावर, दारावर, झोपलेल्या धाकटीच्या उशीवरही लावून पाहिली. मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली, शिरेवर बोट ठेवून.

"आई, ही रेघ इथून पुढे कुठे जाते?"